आत्याच्या पेटीत ऐंशीच्या दशकातला 'चूज लाइफ' टीशर्ट सापडला, धुवू का, ठेवू का, कॉलेजच्या अर्काइव्हला देऊ?

प्रज्ञा_इंदोरा

जय भीम, नमस्कार. पोस्ट लांब होईल पण मदत पाहिजे म्हणून सगळं सांगून राहिली.

माझी आत्या ऐंशीच्या दशकात लंडनला नर्स होती, मग नागपूरला परत आली, आता आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. तिच्याकडे रंगकाम काढलं म्हणून माळ्यावरचं सामान खाली उतरवलं, तर एका लोखंडी पेटीत स्वेटर, जुने कागदपत्रं आणि सगळ्यात खाली एक पांढरा ढगळा टीशर्ट निघाला. त्यावर समोरून पूर्ण छातीभर काळ्या जाड ठोकळ्या अक्षरांत, दोन ओळीत, इंग्रजीत 'चूज लाइफ', म्हणजे 'जगणं निवडा'. बाकी चित्र नाही, नक्षी नाही, काही नाही. माझी मामेबहीण फॅशन डिझाइन शिकते, तिनं फोटो पाहिला अन् लगेच फोन केला, म्हणे हा इंग्लंडच्या फॅशन डिझायनर कॅथरिन हॅम्नेटचा असेल, तिचे टीशर्ट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जपून ठेवलेत, त्याला हात नको लावू. तिच्या कॉलेजमध्ये कपड्यांचं छोटं अर्काइव्ह, म्हणजे जपून ठेवायचा संग्रह, उभं करून राहिले, तिथल्या मॅडमनी पण विचारलं की द्याल का.

आता हाल असे आहेत. काखेत पिवळे डाग आहेत. एका बाजूला शिवणीजवळ गंजाचे दोन ठिपके, पेटीचेच असतील. अक्षरांना बारीक तडे गेलेत, बोट फिरवलं तर खरखर लागते, आणि घडीमुळे 'एफ' अक्षराची फिकट उलटी छाप दुसऱ्या बाजूच्या पांढऱ्या कापडावर उमटली आहे. मानेमागचं लेबल अर्धं कापलेलं आहे, आत्याला टोचायचं म्हणून तिनंच कापलं. आई म्हणते सर्फच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेव, सकाळी उन्हात टाक, लख्ख होईल. आत्या तर म्हणे काय करता त्याचं, पोछ्याला घ्या, चांगला सुती आहे.

मला हे पाहिजे: ओरिजिनल आहे की नाही कसं ओळखायचं, धुवायचा का, नागपूरच्या उन्हात-पावसात घरी कसा ठेवायचा, आणि कॉलेजला द्यायचा तर काय पाहून द्यायचा.

---

धागादोरा

प्रज्ञा, सगळ्यात आधी आईला थांबव. खरंच, आधी ते कर मग पुढचं वाच.

मी म्युझियममध्ये कापडाच्या जपणुकीचं काम करते, म्हणून हे कळकळीनं लिहिते आहे. घरच्या धुण्यात तीन गोष्टी एकदम होतात. सर्फमध्ये उजळपणा आणणारं केमिकल असतं, ते कापडावर बसलं की मूळचा पांढरा कसा होता ते कधीच कळत नाही. तडे गेलेला प्रिंट पाण्यात पिळला की पापुद्रे सुटतात. आणि गंजाच्या डागावर चुकून ब्लीच पडलं तर तिथलं कापड जळल्यासारखं कमजोर होतं आणि काही दिवसांनी तिथंच भोक पडतं. नीळ नको, ब्लीच नको, लिंबू-मीठ तर अजिबात नको, आणि प्रिंटवर इस्त्री म्हणजे संपलंच.

घामाच्या डागाचा प्रश्न खरा अवघड आहे, त्यावर आमच्यात पण वाद होतात. घामानं कापड हळूहळू कमजोर होतं हे खरं आहे, म्हणून कधी कधी आधी एका कोपऱ्यात चाचणी घेऊन, मोजूनमापून पाण्यानं स्वच्छता करतात. पण तोच डाग सांगतो की हा टीशर्ट दुकानातून थेट पेटीत गेला नाही, कोणाच्या तरी अंगावर राबला. एक बाई लंडनला ड्युटी करून, सुट्टीच्या दिवशी तो घालून फिरली. धुतलं तर ते गेलं, आणि परत आणता येत नाही. न धुता ठेवला तर दहा वर्षांनी पण धुता येईल. म्हणून माझं मत: आत्ता धुवू नको.

आता ठेवायचं कसं. नागपूरचं हवामान कापडासाठी कठीण आहे, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री आणि हवा एकदम कोरडी, मग जूनच्या शेवटापासून एकदम ओल. माळा तर नकोच, नवतप्यात (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) स्लॅब तापून तिथं जे होतं त्यात प्रिंटची शाई नरम होऊन चिकटते, तुझ्या 'एफ'ची छाप तशीच उमटली असणार. आणि एक गोष्ट जी इथले लोक विसरतात ती म्हणजे कूलर. डेझर्ट कूलर दिवसभर खोलीत ओल ढकलत असतो, त्या खोलीतल्या कपाटात जुनं कापड ठेवलं की बुरशीला बोलावणंच आहे. घराच्या मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न लागलेलं, रंग दिलेलं स्टीलचं कपाट असेल तर ते उत्तम. लाकडाच्या कपाटातून आम्लाची वाफ सुटत राहते, त्यानं पांढरं कापड पिवळं पडतं.

शक्य असेल तर घडी न घालता सपाट ठेव, एवढा मोठा पुठ्ठ्याचा बॉक्स नसेल तर घडी प्रिंटवरून जाणार नाही अशी घाल, आणि घडीच्या आत आम्लरहित टिश्यू कागदाची मऊ वळकटी ठेव म्हणजे कापडाला धारदार मोड पडत नाही. प्रिंटवर आधी सिलिकॉनचा थर असलेला बेकिंगचा कागद ठेव (मेणाचा नको, मेण वितळतं), मग टिश्यू. टिश्यू नाही मिळाला तर मांजरपाट घे, दोन-चार वेळा साध्या पाण्यात उकळून खळ काढून टाक, पूर्ण वाळव, त्यात गुंडाळ. वर्तमानपत्र नको, प्लास्टिकची पिशवी नको. डांबरगोळ्या नको, त्याची वाफ प्रिंटच्या प्लास्टिकला खराब करते, आणि तसंही लोकरीची कसर सुती कापडाला लागत नाही, सुतीला त्रास झुरळ आणि खळ खाणाऱ्या चंदेरी किड्यांचा. कडुलिंबाचा पाला टाकायची पद्धत आपल्याकडे आहे, पण वाळला की चुरा होतो आणि डाग पडतात, निदान कापडाला लावून ठेवू नको.

फ्रेम करून भिंतीवर लावायचा विचार असेल तर तो सोडून दे. म्युझियममध्ये कापडावर साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं माप) एवढाच उजेड टाकतात, म्हणजे बऱ्यापैकी अंधार, आणि काही महिने दाखवलं की पुन्हा पेटीत आराम. घरच्या हॉलमध्ये दुपारी खिडकीपाशी त्याच्या कैक पट उजेड असतो.

---

गांधीबाग_स्क्रीनवाला

ताई नमस्कार. माझं स्क्रीन प्रिंटिंगचं काम आहे, वडलांपासून. फोटो झूम करून पाहिले, प्रिंटबद्दल सांगतो.

तडे जाऊन राहिले आणि खरखर लागते म्हणजे ही शाई कापडाच्या वर बसलेली आहे, आत मुरलेली नाही. आमच्यात त्याला प्लास्टिसोल म्हणतात, पीव्हीसीचे बारीक कण आणि त्यात नरम ठेवणारं तेल, हे दीडशे-एकशेसाठ डिग्रीला भाजलं की एकजीव होऊन रबरासारखं बसते. त्यातलं नरम ठेवणारं तेल वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येते, म्हणून जुना प्रिंट आधी चिकट होते आणि मग कडक होऊन फाटते. दुसरी असते पाण्यातली शाई, ती धाग्यात मुरते, हाताला काही लागतच नाही, धुऊन धुऊन फिकट होते पण तडे जात नाहीत.

तुमच्याकडे भिंग असेल तर अक्षराच्या काठावर लावून पाहा. जाळीच्या स्क्रीनमधून आलेला काठ असेल तर तिरप्या आणि गोल भागात बारीक पायऱ्या दिसतात, जाळीचे दात. दोन्ही 'ओ'च्या आतल्या गोलाईवर पाहा, तिथं सगळ्यात साफ दिसेल. कागदावरून इस्त्रीनं चिकटवलेला असेल तर अक्षराभोवती पातळ पारदर्शक पापुद्रा दिसतो. आणि हल्लीच्या मशीनचा डिजिटल असेल तर काळ्यातसुद्धा शाईचे बारीक बारीक ठिपके फवारल्यासारखे दिसतात, ते दिसले तर टीशर्ट जुना नाही, मग कोणी काही पण सांगो.

बाहीची खालची शिवण पण पाहा, एक रेघ आहे का दोन. अमेरिकन जुन्या टीशर्टमध्ये साधारण नव्वदीच्या मध्यापर्यंत एका रेघेची शिवण असायची, नंतर दोन रेघा सगळीकडे आल्या. पण तो नियम लंडनच्या मालाला जसाच्या तसा लावू नका, फक्त एक खूण म्हणून लिहून ठेवा. बगलेखाली शिवण आहे का तेही पाहा, काही टीशर्टचं कापड नळीसारखं गोल विणलेलं असते, त्याला बाजूला शिवणच नसते. तुम्ही लिहिलं की शिवणीजवळ गंजाचे ठिपके आहेत, म्हणजे याला बाजूची शिवण आहे, म्हणजे सपाट कापड कापून शिवलेला आहे.

कापड सुती आहे का हे पाहायला आमच्याकडे धागा जाळून पाहतात, सुती असेल तर कागद जळल्याचा वास येते आणि राख उडून जाते, रेशीम असेल तर केस जळल्याचा, आणि पॉलिएस्टर असेल तर गोळी होऊन बसते. पण टीशर्टमधून ओढून काढू नका, शिवणीच्या आत सुटलेला तुकडा असेल तरच.

---

हातमाग_काका

सगळं वाचलं. रागावू नका पोरी, पण मनातलं बोलतो. आमचं घर कोष्ट्यांचं. नागपुरी लुगडी विणणारे माग या शहरात गल्लोगल्ली होते, आज मागाचा आवाज ऐकायचा म्हटलं तर शोधत जावं लागते. आईच्या हातच्या काठाचे नमुने कुठल्या संग्रहात आहेत? कोणाकडेच नाहीत. आणि कॉलेज विलायतेच्या मशीनवर निघालेला टीशर्ट सांभाळायला कपाट आणते. अहमदाबादचं कॅलिको म्युझियम १९४९ चं आहे, तिथं जाऊन पाहिलं की समजतं आपल्या देशात काय काय विणलं गेलं. आधी ते सांभाळा, मग टीशर्ट. माझं दुखणं हेच आहे.

---

पॅटर्नमास्टर

काका, तुमचं म्हणणं अगदी खरं आहे आणि त्यावर वाद नाहीच. मी फॅशन शिकवते, माझ्या वर्गातल्या मुलांना नागपुरी काठ दाखवायचा तर मला आजही कोणाच्या तरी घरी जावं लागतं. पण टीशर्ट काढून टाकला म्हणून लुगड्याला जागा मिळणार नाही हो, दोन्हीसाठी भांडावं लागेल. आणि टीशर्ट का ठेवतात ते थोडं सांगते.

कपड्यांच्या संग्रहात वर्षानुवर्षं राण्यांचे गाऊन, लग्नाचे शालू, जरीकाम हेच जमा होत गेलं, कारण तेच लोकांनी जपून ठेवलं. रोज घालायचं ते फाटलं, पोछा झालं, गेलं. मग शंभर वर्षांनी बघणाऱ्याला वाटतं लोक रोज शालूच घालायचे. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमनं २०१७ मध्ये कपड्यांचं मोठं प्रदर्शन केलं, १११ वस्तू निवडल्या होत्या, त्यात साडी पण होती आणि साधा पांढरा टीशर्ट पण. दोन्ही एकाच यादीत.

आणि लिहिलेला टीशर्ट म्हणजे तर त्या वेळेचं बोलणंच अंगावर छापलेलं. कॅथरिन हॅम्नेट यांनी १९८३ मध्ये हे टीशर्ट काढले. 'जगभर अणुबंदी आत्ताच', 'क्षेपणास्त्रं नकोत, शिक्षण हवं' अशा अर्थाच्या ओळी, सगळ्या याच ठोकळ्या काळ्या अक्षरांत, कारण रस्त्याच्या पलीकडून वाचता यायला पाहिजे होतं. मार्च १९८४ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्याकडे फॅशनवाल्यांचा समारंभ होता, हॅम्नेट कोट घालून गेल्या आणि हात मिळवायच्या वेळी कोट उघडला, आत टीशर्टवर होतं की ५८ टक्के लोकांना पर्शिंग नकोत. पर्शिंग म्हणजे तेव्हा युरोपात आणलेली अमेरिकन अण्वस्त्रं. तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात. एका टीशर्टनं प्रधानमंत्र्यांसमोर उभं राहून बोलून घेतलं. कपड्याच्या इतिहासात असे प्रसंग किती असतात?

आणि प्रज्ञा, तुझ्या घरासाठी एक गोष्ट. हॅम्नेट सांगतात की 'चूज लाइफ' या ओळीमागे बौद्ध विचार आहे, युद्ध आणि विध्वंसाच्या विरोधात जगण्याची बाजू घेणं. त्याच वर्षी, १९८४ ला, व्हॅम बँडच्या पोरांनी तो टीशर्ट व्हिडिओत घातला आणि तो सगळीकडे झाला, पुष्कळ लोकांना आज तो फक्त गाण्याचा टीशर्ट वाटतो. पण इंदोरा वस्तीतून गेलेल्या, दीक्षाभूमीच्या शहरातल्या एका नर्सनं तोच टीशर्ट का उचलला हे मला तरी फार ऐकावंसं वाटतं. आत्याला विचारलंस का?

ओरिजिनल-नकलीचं पण सांगते. या टीशर्टच्या बाबतीत तो प्रश्न जरा वेगळाच आहे. हॅम्नेट यांचीच इच्छा होती की नक्कल व्हावी, कारण ओळ पसरणं महत्त्वाचं होतं. म्हणून १९८४ नंतर बाजारात नकला भरपूर आल्या. अर्ध्या लेबलवरून आणि फोटोवरून कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नकोस. डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड आणि त्यांचे जोडीदार माल्कम मॅक्लॅरेन यांच्या लंडनमधल्या किंग्ज रोडच्या दुकानातले सत्तरच्या दशकातले छापील टीशर्ट आज मोठ्या किमतीला जातात, म्हणून त्यांचे नकली इतके आहेत की तिथं खरा शोधणं हे वेगळंच काम होऊन बसलंय. तुझ्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी लिलावात विकत मिळत नाही, घालणारी बाई समोर बसलेली आहे.

माझा स्वतःचा सगळ्यात आवडता टीशर्ट मात्र बेल्जियमचे डिझायनर मार्टिन मार्जिएला यांचा, १९९४ पासूनचा. त्यावर अर्थ असा की एड्सशी लढायला हा टीशर्ट घालण्यापेक्षा खूप जास्त करावं लागेल, पण सुरुवात म्हणून बरी आहे. गंमत म्हणजे तो मजकूर व्ही गळ्यावरून असा तुटत जातो की अंगात असताना पूर्ण वाचताच येत नाही, समोरच्यानं विचारायचं आणि घालणाऱ्यानं सांगायचं. विक्रीतला वाटा फ्रान्सच्या एड संस्थेला, म्हणजे एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्यांना. हॅम्नेटनी अक्षर मोठं केलं, मार्जिएलानी वाचायला अवघड केलं, दोघांनाही लोकांनी बोलावं एवढंच पाहिजे होतं. हा वर्गात दाखवते तेव्हा पोरं टीशर्ट उलटापालटा करून वाचत बसतात.

---

प्रज्ञा_इंदोरा

सगळ्यांचे खूप आभार, खरंच. आईला थांबवलं आहे. टीशर्ट आत्ता टेबलावर धुतलेल्या सुती चादरीवर सपाट ठेवलाय, खोलीचे पडदे ओढलेत आणि त्या खोलीतला कूलर बंद.

स्क्रीनवाले दादा, भिंगानं पाहिलं. 'ओ'च्या आत पायऱ्या दिसतात, अगदी तुम्ही सांगितल्यासारख्या, करवतीच्या दातासारखा काठ. पापुद्रा नाही, ठिपके पण नाहीत. बाहीला एकच रेघ आहे. शिवणीच्या आत एक सुटलेला धागा होता तो जाळला, कागदाचा वास आला.

आत्याशी काल बोलली. ती म्हणे तिनं तो दुकानातून नाही तर रविवारच्या बाजारातल्या ठेल्यावरून घेतला, म्हणजे ओरिजिनल नसेलच बहुतेक. मी विचारलं हाच का घेतला, तर आधी म्हणे स्वस्त होता. मग थोड्या वेळानं आपणच बोलली. त्या दिवसांत तिची ड्युटी अशा वॉर्डात होती जिथं म्हातारी माणसं शेवटच्या दिवसांत यायची, आणि सुट्टीच्या दिवशी तिला ती ओळ अंगावर पाहिजे होती. तो घालून ती अणुबॉम्बच्या विरोधातल्या एका मोर्चाला पण गेली होती, तिच्या आयरिश मैत्रिणीसोबत. हे आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हतं. मोर्चात आत्या! बौद्ध विचाराचं सांगितलं तर शांतपणे म्हणाली, मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, पण मला तर तो आपलाच वाटला होता.

---

कापूस_वर्धारोड

प्रज्ञाताई, ही आत्याची गोष्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी कापसातला माणूस, प्रिंट-डिझाइन मला समजत नाही, पण या टीशर्टचा आपल्या मातीशी एक संबंध आहे तो इथं कोणी काढला नाही.

हॅम्नेट बाईंनी १९८९ मध्ये आपल्या कपड्यांचा कापूस येतो कुठून, पिकतो कसा, हे शोधायला घेतलं, आणि फवारणीनं शेतकऱ्यांचं काय होतं ते समोर आल्यावर पुढची कैक वर्षं त्या सेंद्रिय कापसासाठी धंद्यातल्या लोकांशी भांडत राहिल्या. म्हणजे 'जगणं' टीशर्टवर लिहिणाऱ्या बाईला नंतर कळलं की टीशर्टचा धागाच कोणाच्या तरी जिवावर येतो, आणि तिनं ते झाकलं नाही. आम्ही विदर्भातले, आम्हाला हे सांगायची गरज नाही. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी आणि शेतमजूर गेले. खांद्यावर पंप, तोंडाला बांधायला दुपट्टा, अंगात जुना टीशर्ट, आणि पराटी, म्हणजे कपाशी, डोक्याएवढी वाढलेली, म्हणजे औषध सरळ तोंडावर.

नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, १९७६ पासून. जमशेटजी टाटांनी १८७७ ला एम्प्रेस मिल इथं काढली ती याच कापसासाठी. कॉलेज जर नागपुरात कपड्याचं अर्काइव्ह करणार असेल तर या टीशर्टच्या कार्डावर कापसाची ओळ असलीच पाहिजे असं मला वाटतं. फवारणीतला एखादा टीशर्ट पण ठेवला पाहिजे. कोणी देईल का माहीत नाही, पण मागायला तर पाहिजे.

---

गांधीबाग_स्क्रीनवाला

कापूसवाले भाऊ, बरोबर बोलले.

माझंही एक म्हणणं आहे. १४ एप्रिलच्या रॅलीचे टीशर्ट, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे, मारबतीच्या मंडळाचे, वेगळ्या विदर्भाच्या आंदोलनाचे, हे सगळे आम्ही छापतो. कोरा माल तिरुपूरवरून येते, १८० जीएसएमचा (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), रात्रभर स्क्रीन मारून सकाळी मंडळाच्या पोरांच्या हातात. रॅली झाली की दोन वर्षांत त्याचा पोछा. कोणाकडेच एक पण राहत नाही. वडलांनी ऐंशीच्या दशकात जे छापलं त्यातला एक टीशर्ट आज माझ्याकडे नाही, फक्त दोन-तीन लाकडी फ्रेम राहिल्या, जाळी फाटलेली. हॅम्नेट बाईचा टीशर्ट ठेवावा, नक्की ठेवावा, पण त्याच्या बाजूच्या खणात भीमजयंतीचा टीशर्ट असला पाहिजे. दोघांचं काम एकच आहे.

---

हातमाग_काका

या शेवटच्या गोष्टीला माझा पूर्ण पाठिंबा. आणि आत्याबाईंना माझा जय भीम सांगा. कॉलेजवाले कोणी वाचत असतील तर माझ्याकडे आईची लुगडी आहेत, काठाचे तुकडे आहेत, पाहायला या.

---

धागादोरा

काका, ते तुकडे वेगवेगळे मांजरपाटात गुंडाळून ठेवा, जरीचे असतील तर एकमेकांना लागू देऊ नका. मी स्वतः येईन बघायला, मेसेज करते.

प्रज्ञा, आता द्यायचं कसं ते लिहिते कारण तो प्रश्न राहिला होता. बाजारातली नक्कल आहे म्हणून कॉलेज नको म्हणेल अशी भीती वाटत असेल तर काढून टाक. ज्या टीशर्टची नक्कल व्हावी हीच डिझायनरची इच्छा होती, त्याची नक्कल, कोणी घातली, कुठं घातली या माहितीसकट, संग्रहासाठी मोलाची आहे. फक्त नोंदीत 'हॅम्नेट' असं सरळ लिहू देऊ नकोस, 'हॅम्नेटच्या धर्तीवर, लंडनच्या बाजारातून घेतलेला' असं लिहायला लाव. खोटी नोंद एकदा झाली की पुढचे सगळे तीच उतरवत जातात.

देण्याआधी विचार: ठेवणार कुठं, त्या खोलीत पाणी गळतं का, कपाटाची किल्ली कोणाकडे. मुलांना शिकवायला हाताळणार का, आणि हाताळणार असतील तर कसं, कारण अंगात घालून फोटो काढायची परवानगी कोणालाही द्यायची नाही. नोंदवहीत क्रमांक पडतो का. क्रमांक कापडावर पेननं लिहायचा नसतो, सुती फितीवर लिहून ती फीत आतल्या शिवणीला दोन सैल टाक्यांनी लावतात. उद्या कॉलेजला नको झाला तर आधी तुम्हाला विचारतील का, हे कागदावर पाहिजे. आणि पहिल्यांदा दान नको, ठरावीक मुदतीसाठी उसना दे, लेखी. सांभाळलं तर मग दानपत्र. काही लोक घाबरवतात की जुनी वस्तू आहे, सरकारी नोंदणी लागेल, तसं काही नाही, तो पुरातन वस्तूंचा १९७२ चा कायदा शंभर वर्षांवरच्या वस्तूंसाठी आहे.

आणि आत्याचं बोलणं रेकॉर्ड कर, फोनवर केलंस तरी चालेल. घाई नको, तिला हातात टीशर्ट दे आणि बोलू दे, तारखा विचारत बसू नको, त्या नंतर जुळवता येतात. मोर्चातला एखादा फोटो असेल तर फारच छान. टीशर्टचे फोटो समोरून, मागून, आतून उलटा करून, अर्धं लेबल जवळून, आणि प्रत्येक फोटोत बाजूला मोजपट्टी. गंजाचे ठिपके आणि काखेचे डाग पण, जसे आहेत तसे.

---

प्रज्ञा_इंदोरा

सगळं लिहून घेतलं. आत्या रविवारी येणार आहे, रेकॉर्डिंगला तयार झाली, फक्त म्हणते माझं नाव लिहा, 'एक नर्स' असं लिहू नका. तर कार्डावर नाव जाईल. मोर्चाचा फोटो तिच्या आयरिश मैत्रिणीकडे असेल म्हणे, पत्ता जुन्या डायरीत आहे, पत्र टाकतो आहोत.

कॉलेजच्या मॅडमना ही चर्चा वाचायला दिली. त्या तीन वर्षांसाठी लेखी उसना घ्यायला तयार आहेत, आणि कपाटाचा एक खण इथल्या रॅली-मंडळांच्या टीशर्टसाठी ठेवू म्हणाल्या. स्क्रीनवाले दादा, त्यांनी तुमच्या फाटक्या फ्रेमबद्दल पण विचारलं आहे, टाकू नका. बेकिंगचा सिलिकॉनवाला कागद धरमपेठेत मिळाला, टिश्यू अजून नाही, तोवर मांजरपाट उकळून वाळत घातलाय.